काकूंच्या दुकानातला आवाज

बिल्ड टूल विकणाऱ्या कंपनीने मला फसवलं आणि माझ्या हातून प्रेम नगरच्या काकूंना.

काकूंचं किराण्याचं दुकान आहे. डोळे अधू झाल्यावर गल्ला सुनेकडे द्या म्हणून घरातले मागे लागले, तेव्हा मी त्यांच्यासाठी काट्याला जोडलेल्या मोबाइलवर ॲप केलं. काट्यावर माल ठेवला की ते बोलायचं, ‘मूंग दाल, पाव भर.’ काकू ऐकायच्या आणि पुडी बांधायच्या. हा आवाज एका मुक्त लायब्ररीचा, म्हणजे कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड. तो आणि माझा कोड जोडून ॲप तयार करायला मात्र कंपनीचं टूल विकत घ्यावं लागलं.

सदर बाजारात केबल आणि चार्जर विकता विकता कोड लिहायला शिकून मी वर आले. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही. कंपनीच्या सेल्सवाल्याला तर मी रडकुंडीला आणलं होतं. “अब ले भी लीजिए, मॅडमजी! आपकी सारी लायब्रेरी चलेगी, जबान देता हूँ.”

गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन बादलीत पडला. नव्या फोनसाठी ॲप पुन्हा तयार करायला बसले, तर जुनं टूल कंपनीने बंद केलेलं, आणि नवं टूल ती लायब्ररी आत घेईना. ‘चालणार नाही’ एवढंच म्हणे. का, ते सांगेना.

सेल्सवाल्याला फोन केला.

“फ्री की चीज का जिम्मा हम कैसे लें, मॅडमजी? हमारी वाली आवाज लगा लीजिए.”

लावली. काट्यावर मूग ठेवले. ‘झीरो पॉइंट टू फाइव्ह झीरो.’

“ही कोण मेमसाहेब आणलीस गं?” काकू म्हणाल्या. “पाव किलो म्हणायला हिची जीभ झिजते का?”

मग मी लायब्ररी लिहिणाऱ्याला ईमेलवर नाही नाही ते बोलले. तो कुठल्याशा गावी शाळेत शिकवतो. त्याने शांतपणे लिहिलं, टूल आत काय तपासतं ते कंपनी दाखवत नाही. कळलं तर रविवारी बसून दुरुस्त करीन. ज्याला माझ्याकडून काहीच नको, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? उलट त्याचीच कणव आली. माझ्यासारख्या किती जणांच्या शिव्या तो खात असेल.

आता गल्ल्यावर सून बसते. काकू मागे बसून तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढतात. मी गेले की चाहूल घेऊन विचारतात, “आली का गं आपली बोलणारी?”

“नाही, काकू.”

“असू दे. तू तरी काय करणार.”

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या वाटचे मी कंपनीला सुनावते. तुमच्यातल्या कोणीतरी प्रेम नगरात यावं, त्या तांदळाच्या सुपासमोर उभं राहावं आणि सांगावं: तुमचं टूल काय तपासतं एवढं त्या मास्तरला कळलं असतं, तर तुमचं काय जाणार होतं?