वरच्या खोलीतला देव

कुणाची नजर आपल्यावर थांबली की शुभंकर सावध व्हायचा. माणूस सहज बघून पुढे गेला तर ठीक. पण बघता बघता भुवई वर गेली, मान तिरकी झाली, ‘तुम्हाला कुठेतरी पाहिलंय’ हे शब्द ओठांवर येऊ लागले, की हा फोन आल्याचं सोंग करून तिथून सटकलाच. मेट्रोत तो नेहमी दाराकडे तोंड करून उभा राहायचा. लग्नकार्याला जायचं नाही, कारखान्याच्या पूजेत फोटोला उभं राहायचं नाही, असा त्याचा नेम होता.

एकतीस वर्षांचा, दाढी राखलेला हा गडी बेंगळुरात पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला होता. लेथवरून उतरलेली लोखंडी बुशं, म्हणजे छोटी पोकळ नळकांडी, घ्यायची, मायक्रोमीटरमध्ये धरायची, माप बसलं तर हिरव्या पेटीत, नाही बसलं तर लाल. दिवसभर हेच. इतरांना ते काम कंटाळवाणं वाटे, याला मात्र मनापासून आवडायचं. बुश कधी डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडे बघत नसे. काम संपलं की त्याचा उजवा हात जो खिशात जायचा, तो घरी जेवायला बसेपर्यंत बाहेर निघत नसे. त्या हाताची करंगळी जन्मापासून विळ्यासारखी आत वळलेली होती.

या करंगळीनेच त्याला देव केलं होतं. नऊ वर्षांचा असताना वडील त्याला एका मालिकेच्या निवडीला घेऊन गेले. ‘मल्हारी बाळ’ नावाची मालिका, देवाच्या बालपणाची. दोनशे पोरं रांगेत होती. दिग्दर्शकाने याची करंगळी पाहिली आणि म्हणाला, देवाला काहीतरी खूण पाहिजेच, ही चालेल. मग अडीच वर्षं, रोज संध्याकाळी सात वाजता, प्रत्येक भाग एकाच चित्रावर संपायचा. कॅमेरा खाली, मागे लख्ख दिवा, आणि प्रकाशात वर उचललेला एक छोटा तळवा, वाकडी करंगळी. आणि वाक्य, ‘मी असताना भय कसलं?’

लोक टीव्हीसमोर चपला काढून बसायचे. आपल्याकडे मोठी माणसं एकदा का वेडी झाली की लहान पोराला देव करून मोकळी होतात, त्यांचं काय जातं!

बाराव्या वर्षी आवाज फुटला आणि मालिकेने नवा देव शोधला. शुभंकरने पुढे डिप्लोमा केला, आडनाव टाकलं, गाव सोडलं आणि बेंगळूर गाठलं. इथे मराठी मालिका कोण बघतोय, असा त्याचा हिशेब. कारखान्याचा माल टेंपोने पोचवणाऱ्या सयाजीने यशवंतपुरात आपल्याच घराची वरची खोली त्याला दिली. सयाजी मराठा निघाला. त्याचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून याच मुलखात. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि गच्चीवर मराठी वाहिन्यांसाठी खास लावलेली जुनी डिश. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात. पण हे कळलं तेव्हा सामान वर चढलं होतं, आणि घरमालकिणीने त्याला ताटभर भात वाढला होता.

ती घरमालकीण म्हणजे सयाजीची आई, मालनबाई. अडुसष्ट वर्षांची, विधवा, साखरेचा जुना आजार, आणि जीभ कात्रीसारखी. शुभंकर तिला अक्का म्हणायचा. ती त्याला ‘मगा’ म्हणायची. कन्नडात मगा म्हणजे लेकरू. रोज सकाळी तिची हाक यायची, “अय्यो मगा, नळ सोडून गेलास की रे! पाणी काय तुझ्या ताताचं हाय?” आजोबांचा असा उद्धार ऐकून शुभंकरला फार बरं वाटायचं. इतक्या हक्काने त्याच्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. दोन वर्षं अशी सुखात गेली.

मग जिन्यातला दिवा गेला.

सयाजी माल घेऊन गेला होता. मालनबाईच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, तिला स्टुलावर चढवेना. शुभंकर चढला. जुना बल्ब काढला, नवा फिरवून बसवला. बटण चालू आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. बल्ब एकदम पेटला, डोळे दिपले, आणि त्याने उजवा हात तोंडापुढे धरला. खाली मालनबाई ताटली घेऊन उभी होती. मागे लख्ख दिवा, वर उचललेला तळवा, वाकडी करंगळी. ताटली फरशीवर आपटली आणि गोल गोल फिरत राहिली.

“देवा!” मालनबाई म्हणाली.

शुभंकर उतरला, वर गेला आणि दाराला कडी लावून पलंगावर बसला. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर भंडाऱ्याची, म्हणजे देवाला वाहतात त्या हळदीची, चिमूट होती. त्याने ती पायाने पुसली आणि लगेच, पायाने पुसल्याचं पाप वाटून, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. तिसऱ्या दिवशी त्याचे बूट कुणीतरी पुसून ठेवले होते. एकदा दाराबाहेर पावलं आली, थांबली, बराच वेळ थांबली. दार उघडलं तेव्हा मोरीबाहेर त्याने पाय धुतले होते तिथलं पाणी कुणीतरी तीर्थ म्हणून टिपून नेलेलं होतं. आणि सकाळची हाक बंद झाली. त्याने मुद्दाम नळ सोडून ठेवला. मालनबाई लंगडत आली, नळ बंद केला आणि हात जोडून निघून गेली.

आठव्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात त्याला तिच्या इन्सुलिनच्या सुया दिसल्या. सील न फोडलेल्या, सगळ्याच्या सगळ्या.

सुया बघताच त्याच्या डोळ्यांपुढे ती बाई उभी राहिली. बावीस वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की ती आली नाही.

मालिकेच्या सेटवर दर रविवारी दर्शन असायचं. देवाला मुकुटासकट खुर्चीवर बसवायचे, लोकांची रांग लागायची. वडील मागे उभे राहून खांद्यावर हात ठेवायचे. खांदा दाबला की वाक्य म्हणायचं. एका रविवारी एक बाई तीन-चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन आली. पोराचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं, अंगात बदकाचं चित्र असलेला सदरा. बाई म्हणाली, दवाखान्यात भरती करा म्हणतात, पण मी त्याला उचलून आधी तुझ्याकडे आणलं, देवा. वाचेल ना? नऊ वर्षांच्या शुभंकरने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खांदा दाबला. तो म्हणाला, ‘मी असताना भय कसलं?’ बाई हसली, आणि दवाखान्यात न जाता गावी परत गेली.

दीड महिन्याने ती परत आली. एकटीच. शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त विचारलं, “देवा, मग माझं काय चुकलं?”

वडिलांनी खांदा दाबला. आणि त्याला येत होतं ते एकच वाक्य त्याने तिला पुन्हा म्हणून दाखवलं.

आता त्या सुया हातात घेऊन तो खाली धावला. पण मालनबाई देवघरापुढे डोळे मिटून बसली होती आणि तिला हाक मारायचा त्याला धीर झाला नाही. त्याने सुया सयाजीच्या हातात दिल्या. सयाजी आईशी भांडला, बहिणीच्या नवऱ्याला फोन लावून तिला त्याची बोलणी खायला लावली, शेजारच्या डॉक्टरला घरी आणलं. मालनबाई ढिम्म. देव घरात राहायला आल्यावर दवाखाना कशाला, असं ती शांतपणे म्हणायची, आणि जखमेवर भंडारा लावायची. अंगठा काळा पडला. शेजारचं बोट काळं पडलं. जिन्यातून येता-जाता हळदीच्या वासाखाली दुसरा एक गोडसर, कुजका वास येऊ लागला. शुभंकर श्वास रोखून जिना चढायचा. पळून जावं असं त्याला रोज वाटे. एकदा तर बॅगही भरली. पण आपण गेलो तर ही म्हातारी देव रुसला म्हणून आणखी हट्टाला पेटेल, या विचाराने त्याने ती रिकामी केली.

रविवारी सकाळी तिला हुडहुडी भरली. सयाजी वर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“तम्मा,” तो म्हणाला. धाकट्या भावाला म्हणतात तसा तो शुभंकरला तम्मा म्हणायचा. “डॉक्टर बोलले, आजच्या आज न्या, न्हाई तर पाय जाईल. उद्यापर्यंत आईच जाईल. ती माझं ऐकत न्हाई. तुझं ऐकंल. एकदा हात वर कर, दवाखान्यात जा म्हण, मी असताना भय कसलं म्हण. स्वल्प नाटक कर की. तुला काय नवीन हाय?”

खरंच, नवीन काही नव्हतं. एका वाक्याने म्हातारी उठून टेंपोत बसली असती. आणि ऑपरेशनच्या टेबलावर तिचं काही बरंवाईट झालं तर? जाताना तिच्या मनात हाच प्रश्न असेल, माझं काय चुकलं? पण सयाजी हात जोडून उभा होता. शुभंकर खाली गेला.

मालनबाई चटईवर बसली होती. पाय उशीवर, वरची चिंधी पिवळी, तिच्यातून काळपट ओल आलेली. त्याला पाहून ती उठू लागली. पाय टेकला, तोंडावर कळ उमटली, तरी वाकली आणि डोळे मिटले. शुभंकरने हात वर केला.

“मी...” तो म्हणाला.

त्याने हात खाली घेतला आणि तो तिच्यासमोर फरशीवर बसला.

“अक्का, मला भीती वाटते,” तो म्हणाला. “मला फार भीती वाटते हो.”

मग त्याने सगळं सांगितलं. कडेवरचं पोर, बदकाचा सदरा, दाबलेला खांदा, ती रांग, तो प्रश्न. आईला, मित्राला, कुणालाच सांगितलं नव्हतं ते सारं भडाभडा सांगून टाकलं. “मी देव नाही, अक्का. तेव्हाही नव्हतो. बाबांनी खांदा दाबला म्हणून बोललो. तुमच्या पायाचं काय होईल ते मला माहीत नाही. पण इथे बसून राहिलात तर तुम्ही मराल, आणि मला ते आता सहन होणार नाही.” एवढा मोठा बाप्या, पण हुंदके देऊन रडत होता. दारात सयाजीने कपाळाला हात लावला. पोराने होतं नव्हतं ते घालवलं, असंच त्याला वाटलं.

मालनबाई पाय सावरत पुन्हा चटईवर बसली.

“तवा तू केवढा व्हतास?” तिने विचारलं.

“नऊ वर्षांचा.”

“ती बाई गेल्यावर तुला कुणी जवळ घेतलं का?”

शुभंकरने डोळे पुसले. “चार वाजता शॉट होता,” तो म्हणाला. “तोंडावरचा रंग पुसला गेला होता म्हणून पुन्हा लावला.”

“अय्यो, पाप्यांनो!” मालनबाई म्हणाली, आणि मग त्या दिग्दर्शकाला, त्या वाहिनीला, याच्या बापाला तिने मराठीत आणि कन्नडात असं काही झोडपलं, की सयाजीने घाईने खिडकी लावून घेतली. दम लागल्यावर ती थांबली. भंडाऱ्याने पिवळा झालेला आपला हात तिने शुभंकरच्या डोक्यावर ठेवला. लोकांनी त्याच्या पायावर डोकी ठेवली होती, हजारांनी. त्याच्या डोक्यावर हात ठेवणारी ही पहिली.

“उठ, मगा. येवढं भ्यायचं न्हाई. मी हाय न्हवं?” ती म्हणाली. मग सयाजीकडे वळली. “बघत काय बसलास? टेंपो काढ. ह्या लेकरासाठी जाऊन येते.”

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, जीव टांगणीला नको. दोन बोटं गेली, पाय राहिला. अकरा दिवसांनी मालनबाई घरी आली, आणि उंबऱ्यातूनच तिने वरच्या नळावरून शुभंकरचे आजोबा काढले.

पण त्या रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या दारापाशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा मालनबाईचा ताप एकशेतीनवर होता. तिने शुभंकरचा हात शोधला. त्याने उजवा हात खिशातून काढून दिला, चार माणसांदेखत.

“बरी व्हईन का रे, मगा?”

जुनं वाक्य त्याच्या जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

“माहीत नाही, अक्का. पण मी इथेच बाहेर बसलोय.”

“सरी, बरं,” ती म्हणाली. तिने त्याची वाकडी करंगळी मुठीत धरली होती. नर्सने हळूच सोडवेपर्यंत तिने ती सोडली नाही.