कंप्युटरमधले पऱ्हे

१९८८ साली मी बावन्न वर्षांचा होतो, शाळा अर्धी तिसरी, आणि त्याच साली मी आमच्या पोरीचा कंप्युटर एका दुपारी साफ करून दिला.

पोरगी म्हणजे शोभा. मोहाडीकडच्या एका राईस मिलमध्ये नवीन लागली होती. सेठ म्हणाले होते, "सोमवारी हंगामाच्या साऱ्या धानाचा हिशेब मशीनमध्ये दाखव, मग नोकरी पक्की." रविवारी मी तिचा डबा घेऊन गेलो आणि तिथंच बसलो. भिंतीवर तिनं कागद चिकटवला होता. डीआयआर म्हणजे आत काय आहे ते दिसतं. कॉपी म्हणजे दुसरी प्रत. डेल म्हणजे पुसणं. चांदणी-टिंब-चांदणी म्हणजे सगळंच. मशीननं 'नक्की का?' विचारलं तर वाय म्हणजे हो.

"हे डीआयआर मी दाबून पाहू का?"

"पाहा न, बाबा."

एकेक अक्षर हुडकून दाबलं. संध्याकाळी गावात गुरं शिरावी तशी नावं भराभर आली. मग तिनं सीएलएस दाबलं, सारं गायब. मी पुन्हा डीआयआर दाबलं, सारं हजर. (मधल्या वेळात ते जाते कुठं, हे मला आजही कोणी सांगितलेलं नाही.)

तिनं सारं काम एका पातळ काळ्या चौकोनी फ्लॉपीवर कॉपी केलं. "बाबा, हे घरी जपून ठेवजा," म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

मी पाहतो तर मशीनमध्ये सारं तसंच! आता पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून शेतातल्या बांधीत रोवली की मागं कोणी ठेवते का? पोरगी घाईत विसरली असेल. मी कागदावर पाहून दाबलं: डेल, चांदणी, टिंब, चांदणी. मशीननं विचारलं, नक्की का? मला! घरात बायकोची विचारायची हिंमत नाही. वाय.

घरी फ्लॉपी तारेत ओवली. आमचा सातबारा, लाइटबिलं, सारं तिथंच टोचलेलं असते. फ्लॉपीला मधोमध भोक होतंच, म्हणजे बनवणाऱ्यालाही तार ठाऊक असावी. थोडं रेटावं लागलं, एवढंच.

संध्याकाळी शोभा आली. "बाबा, फ्लॉपी?"

"तारेत."

तिनं काढून पाहिली. चकतीवर ही लांब चीर. "गेली ही," ती म्हणाली. "जाऊ द्या, मशीनमंदी हाये न सारं."

मी म्हशीकडं पाहू लागलो.

"बाबा, काय झालं?"

"मागचे पऱ्हे मी उपटून आलो."

बायको म्हणाली, "एका दिवसात इतकं कसं काय जमते जी तुमाले?"

शोभानं चिरलेली फ्लॉपी पुन्हा उलटून पाहिली. "उद्या सेठले काय सांगू मी?"

तेव्हा मला आठवलं. "अवं, सेठच्या मेजावर बी तार हाये. धानाच्या वजनकाट्यावरच्या साऱ्या चिठ्ठ्या तिथं टोचून हायेत. मी वाचतो, तू दाब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल उघडताच आम्ही बसलो. मी तारेतून चिठ्ठी काढून वाचायचो, ती दाबायची. बापलेकीची काय जोडी जमली! अर्धी तार रिकामी झाली तेव्हा तिनं मान वर केली.

"बाबा, झालेल्या चिठ्ठ्या कुठं ठेवून राहिले?"

"ठेवू कायले? तुझं दाबून झालं का मी फाडून राहिलो न."