कोयता एक, कोपी एक

मॅडम पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा मला वाटलं, बचत गटाच्या असतील. खांद्याला पिशवी, पायात बूट, आणि बोलणं इतकं मऊ की सासू माझ्या कानाशी पुटपुटली, "ही काहीतरी इकायला आलीय, सांभाळून ऱ्हा." विकायचं काही नव्हतं. शहरातल्या कुठल्याशा कॉलेजात त्या मानसशास्त्राचं संशोधन करत होत्या. विषय होता विश्वासघात, नैराश्य आणि चिंता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या, पण मागे गावात राहिलेल्या बायका त्यांना हव्या होत्या. एका हंगामात त्या तीनदा येणार होत्या. दरवेळी तेच प्रश्न विचारून उत्तरांत काय फरक पडतो ते बघायचं, असा त्यांचा बेत होता. "ताई, तुमचं नाव कुठंही येणार नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "या गावात कुणी शिंकलं तरी नावानिशी कळतं मॅडम. पण विचारा."

हो म्हणायचं कारण एवढंच की मला करमत नव्हतं. आमचं गाव उमापूरच्या पुढं. दसरा सरला की निम्म्या दारांना कुलपं लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि माझ्यासारख्या मोडलेल्या बायका. बारावी झाले, लग्न झालं, आणि तेव्हापासून दर हंगामाला मी नवऱ्याबरोबर ऊस तोडला. मग कमरेची गादी सरकली. बीडला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. ऊसतोडीत या दोन गोष्टी सोडून तिसरं काम नसतं. मुलगी गेवराईला हॉस्टेलवर होती. मी शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली आणि ब्लाउज शिवत बसले.

आमच्याकडं तोडणीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळीत घ्यायला मुकादम नाक मुरडतो. नवऱ्याला जोडीदार हवा होता. तेव्हा मला माझी धाकटी बहीण सुचली. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणून तिला माहेरी घालवलं होतं. आई-वडील नाहीत, भाऊ आहे, पण भावजयीच्या घरात ती कोपऱ्यातल्या केरसुणीसारखी राहत होती. दाजीबरोबर जाईल, चार पैसे मिळवील, मान वर करून जगेल, असं मला वाटलं. ती नको नको करत होती. मी समजूत घातली. झोपण्याचा बंदोबस्तही मीच केला. टोळीत नवऱ्याची चुलती होती, स्वयंपाकाला म्हणून मुलगा-सुनेबरोबर गेलेली. बहिणीनं रात्री चुलतीच्या कोपीत झोपायचं, असं मी सगळ्यांसमोर ठरवून घेतलं. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, आत चार माणसं दाटीवाटीनं आडवी झाली की भरली.

पहिल्या दिवशी मॅडमनी ओसरीवरच प्रश्न सुरू केले. त्यांना एकांत हवा होता. भर दिवसा दार लावून दोन बायका बसल्या तर गावाला काय सांगायचं, म्हणून सासू मटकी निवडायचं निमित्त करून शेजारी बसली आणि माझी निम्मी उत्तरं तिनंच दिली. प्रत्येक प्रश्नाला कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी, यातलं एक सांगायचं. नैराश्य म्हणजे काय हे त्यांनी समजावून सांगितलं. मी म्हटलं, "आमच्यात त्याला जिवाला घोर लागणं म्हणतात." त्यांना तो शब्द फार आवडला. मग त्यांनी विचारलं, डोळे झाकून विश्वास ठेवाल अशी माणसं कोण?

"नवरा आणि बहीण," मी फाडकन सांगितलं.

सासूचा सुपातला हात थांबला. माझ्याकडं न बघताच तिनं पुन्हा मटकी निवडायला घेतली. मला वाटलं, तिचं नाव घेतलं नाही म्हणून रुसली. मनातल्या मनात मी हसलेसुद्धा. विश्वासघाताच्या सगळ्या प्रश्नांना मी "कधीच नाही" म्हटलं, आणि मॅडम चहा घेऊन गेल्या.

सुरुवातीला बहिणीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पाचटानं हात कापले, पहाटे धुकं लई पडतं, तुझी कंबर कशी हाय अक्का, असं काहीबाही बोलायची. मग फोन एक दिवसाआड आला. मग तिचा फोन बंदच लागायला लागला. नवऱ्याला लावला की तो म्हणायचा, "ती पाण्याला गेलीय." सकाळी लावला तरी पाण्याला, दुपारी लावला तरी पाण्याला. इतकं पाणी अख्खी टोळी पीत नाही हे मला माहीत होतं. पण ते मी मनाला कळू दिलं नाही.

गावात मात्र बायका गोड वागायला लागल्या, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. जी बाई ब्लाउजच्या बाहीवरून दरवेळी माझ्याशी भांडायची, ती म्हणाली, "असू दे, बसतंय बरोबर." मी बघितलं, बाही चांगली दोन बोटं तोकडी झाली होती. शेजारीण वाटीभर भाजी देऊन गेली. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी भाकरी-ठेचा पाठवला. आमच्या गावात न मागता भाजी येते ती मयत झालेल्या घरी. मी वाटी धुऊन परत द्यायला गेले तर शेजारीण माझ्या तोंडाकडं बघेना.

संक्रांतीच्या तोंडावर चुलती परत आली. मी अंगणात पापड वाळत घालत होते. बोचकं डोक्यावर घेऊन ती बोळातून येताना दिसली आणि माझ्या हातातला पापड तसाच राहिला. ती आली म्हणजे तिकडं तिची जागा रिकामी झाली. तिच्या कोपीत आता तिचा मुलगा आणि सून, नवरा-बायको दोघंच. मग माझी बहीण कुठं? मी विचारलं, "एवढ्या लवकर कशापायी आल्या?" ती म्हणाली, "थंडी सोसंना गं." चहाला बस म्हटलं तर बसली नाही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता.

त्याच आठवड्यात मॅडम दुसऱ्यांदा आल्या. तेच प्रश्न. झोप लागते का? क्वचित. जेवण जातं का? कधी कधी. काहीतरी वाईट घडणार आहे असं सारखं वाटतं का? मी म्हटलं, "नेहमी." त्यांनी मान वर केली. "कशामुळं वाटतं, ताई?" मी म्हटलं, "कमरेमुळं." मग विश्वासघाताचे प्रश्न आले आणि मी पुन्हा सगळ्याला "कधीच नाही" म्हणायला लागले. मॅडमनी पेन खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "कधी कधी असं होतं ताई. ज्याच्या आधारावर आपण उभे असतो, त्यानं घात केला तर मन ते बघायचंच नाकारतं. बघितलं तर आधार जाईल, म्हणून."

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि ओरडले, "तुमी आमचं डोकं तपासायला आलात का घर फोडायला? उठा! परत या दारात यायचं न्हाई!" त्या बिचाऱ्या कागद गोळा करून निघाल्या. घाईत त्यांचा पेन ओसरीवरून खाली पडला, तोही त्यांनी उचलला नाही.

सासूनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "तिला काय कळतंय. आपल्या घरातलं घरात ऱ्हायला पायजे." आणि तिनं सुटकेचा श्वास सोडला. तो मी ऐकला. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, मॅडमनीही घेतलं नव्हतं, मग घरातलं ते काय होतं जे घरात राहायला हवं होतं? सासूला माहीत होतं. बहुतेक नवरा निघाला तेव्हापासूनच तिला धास्ती होती.

मी मुकादमाला फोन लावला. म्हटलं, बहिणीला फोन द्या. तो म्हणाला, "वहिनी, तोडणी चाललीय." मी विचारलं, ती झोपते कुठं? तो हसला. "आता हे काय इचारणं झालं? तुमी काय नव्या हाय का? कोयता एक, कोपी एक." पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि कुणीतरी त्याला हाका मारत होतं. त्यानं फोन ठेवला.

मी गेले नाही. कंबर होती, मुलीची शाळा होती, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. न जाता सगळा राग बहिणीवर साठवला, ते सोपं पडलं. नवरा काय, पुरुष. पण तू? माझ्या हातची भाकरी खाऊन माझ्याच ताटावर बसलीस? मशीनवर बसून मी दिवसभर तिला शिव्या घालायचे. पाडव्याला गुढी उभारली तेव्हाही माझ्या मनात तेच चाललं होतं.

पाडव्यानंतर टोळी आली. बहीण ट्रकमधून उतरली, तोंडावर पदर घेऊन. भावाच्या गावाला जाणारी गाडी समोर उभी होती, पण नवऱ्यानं तिचं बोचकं उचललं आणि आमच्या घराची वाट धरली. ती मागून चालत आली. संध्याकाळी चुलत सासरा येऊन बसला, भावाला फोन लावला गेला. भाऊ फोनवर हुश्श करून म्हणाला, "माझी काय हरकत न्हाई." चुलत सासरा म्हणाला, "सख्खी बहीणच हाय, परकी थोडीच हाय? दोघी मिळून ऱ्हातील." मला कुणी विचारलं नाही. तिला विचारतील असं तर मला वाटलंही नाही.

त्या दिवसांत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ताट समोर आपटायचे. ती उचलून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून जेवायची.

मॅडम तिसऱ्यांदा येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाल्या, "ताई, मागच्या वेळी मी तुम्हाला दुखावलं. नको असेल तर परत जाते." मी म्हटलं, "बसा." सगळं घर ऐकत होतं तरी मी सगळी उत्तरं खणखणीत दिली. जवळच्या माणसानं फसवलं असं वाटतं का? नेहमी. नवरा बाजेवर मोबाईल बघत पडला होता. तो बाजेवरून हललाही नाही.

मग मॅडमनी बहिणीकडं बघितलं. "यांना विचारलं तर चालेल?" बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "इचारा की. तिच्यापाशीबी लई काय काय असंल सांगायला." आणि मी आत जाऊन मशीनवर बसले. त्या दोघी घरामागं लिंबाखाली गेल्या. नाव गुप्त राहील, हे मॅडमनी तिलाही सांगितलं असेल. पण आमची मागची भिंत पत्र्याची आहे. मी मोटर बंद केली.

मॅडमनी विचारलं, "सगळ्यात जास्त कुणी फसवलं असं वाटतं?" मला वाटलं, आता ती पहिल्या नवऱ्याचं नाव घेईल.

"अक्कानं," ती म्हणाली.

"मी न्हाई म्हणत हुते. पाय धरले मी तिचे. ती म्हणाली, सख्खा दाजी हाय, परका हाय का? तिनं सोता इतकी वर्षं कोपीत काढली. तिला माहीत न्हाई का तिथं काय आसतं? चुलती निघाली तवा मी म्हणाले, मलाबी संगं न्या. चुलती म्हणाली, मग कोयता मोडतो, मुकादम सोडायचा न्हाई. मी भाईर झोपले तर लोक हसायचे. फोन दाजीनं काढून घेतला. मी रोज वाट बघितली. वाटलं, अक्काला कळंल, ती येईल. तिला न्हाई कळायचं तर कुणाला?"

मॅडमनी विचारलं, "आता कशाची भीती वाटते?" ती म्हणाली, "दसऱ्याची. मुकादमाला त्यांनी आमची जोडी सांगून ठेवलीय."

मी तिथंच शिवणावर डोकं ठेवलं आणि रडले. आवाज जाऊ नये म्हणून तोंडात कापडाचा बोळा धरला होता. इतके महिने मी फक्त माझं काय गेलं ते मोजत बसले होते. माझी बहीण तिथं माझी वाट बघत होती, आणि मी इथं तिला शिव्या घालत होते.

डोळे पुसले आणि बाहेर ओसरीवर आले. सासू लसूण सोलत होती. मी नवऱ्यापुढं उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ती परत टोळीत जायची न्हाई. आणि या घरात ती माझी बहीण म्हणून ऱ्हाईल, दुसरं काही म्हणून न्हाई."

सासू म्हणाली, "हळू बोल." नवऱ्यानं मोबाईलवरची नजरही काढली नाही.

"मग कोयत्याला कोण?" तो म्हणाला. "तू येतीस?"

लिंबाखालून मॅडम आणि बहीण घराच्या कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडम काहीतरी बोलायला पुढं झाल्या, पण मी त्यांना बोलू दिलं नाही.

"येते," मी म्हटलं.

आता भादवा संपत आला आहे. मशीनवर बहीण बसते, तिच्या हाताला शिलाई चांगली बसली आहे. ती माझ्याशी थोडं थोडं बोलते, पण कमरेचा विषय निघाला की उठून जाते. मॅडमचे दोनदा फोन आले, त्या म्हणतात, जाऊ नका, आपण काहीतरी मार्ग काढू. मार्ग काय ते त्यांनाही सांगता येत नाही. रोज सकाळी अंगण झाडायच्या आधी मी दाराआड उभी राहते आणि हळूहळू वाकून बघते, जमिनीला हात टेकतो का. अजून गुडघ्याच्या खाली जात नाही.