स्लॅबच्या घरासाठी राउटर

राउटर घ्यायला गेलो त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ नुसता उभा होतो. माझी शाळा नववीत सुटली. हैदराबादला टाइल्सच्या गोडाऊनात माल उतरवून घ्यायचं काम करतो. फोन वापरता येतो, पण नेट कुठून येतं, कसं येतं, यातलं काही कळत नाही. स्वतःसाठी घ्यायचं असतं तर कुठलाही डबा उचलला असता. ही वस्तू बहिणीसाठी होती, आणि माझ्या अडाणीपणाचं नुकसान तिला भोगावं लागू नये एवढंच डोक्यात होतं.

बहीण धाराशिवला कॉलेजात शिकायची. शेवटच्या वर्षाला असताना आईला लकवा मारला, डावी बाजू गेली. वडील मी शाळेत असतानाच गेलेले. आईचं औषधपाणी माझ्या पगारावर, म्हणून मला गावी येऊन बसता येत नव्हतं. बहीणच सामान गुंडाळून लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी परत आली. आईला न्हाऊमाखू घालत, भरवत तिनं अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाली. मग पुण्याच्या एका ऑफिसनं तिला घरबसल्या हिशेब लिहायचं काम दिलं. सुरुवातीचे काही महिने बघणार आणि पटलं तर कायम करणार. संध्याकाळी पुढच्या शिक्षणाचे ऑनलाइन क्लास. लॅपटॉप ऑफिसनं पाठवला, नेट मात्र तुमचं तुम्ही बघा म्हणाले. गावात मोबाइलला धड रेंज नाही. फोनवर ती म्हणाली, "दादा, एवढं जमलं तर मला आयला सोडून जावं लागणार न्हाय. न्हाय जमलं तर काय करायचं ते मला सुचंना."

गावात नुकतीच फायबरची लाइन आली होती. लाइनवाल्यानं सांगितलं, वायर मी आणून देतो, राउटर तुम्ही आणा आणि चांगला आणा. चांगला म्हणजे कसला, हे त्यानं सांगितलं नाही.

दुकानात एक वयस्कर चाचा बसलेले. मी काचेतल्या सगळ्यांत मोठ्या, सहा अँटेनांच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो काढलाच नाही. आधी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घर कैसा है भाई? दीवारां काहे की?"

मी म्हणालो, सिमेंटचं आहे, वर स्लॅब, दोन खोल्या.

"तो फिर ये छोटा बस है. वो नक्को, खाली शान है उसकी."

त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो. माझ्यासारख्याच्या गळ्यात महागडं काहीही मारता आलं असतं. त्यांनी डबा उघडून कुठली वायर कुठं लावायची ते दाखवलं, फोनमध्ये त्याचा फोटो काढून घ्यायला लावला. मी खुशीत बाहेर पडलो. गोडाऊनातला एक ड्रायव्हर उमरग्यावरून जाणार होता, त्याच्याकडं डबा दिला.

आमच्याकडं कुणीही विचारलं की घर म्हणजे स्लॅबचंच सांगतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवीन गावठाणात प्रत्येकाला तसं मिळालं. पण राहणं त्यात नसतं. त्यात धान्याची पोती, जुनी भांडी, दिवाळीला काढायच्या गोधड्या. राहणं, झोपणं, चूल, पाहुणारावळा, सगळं पुढच्या पत्र्याच्या शेडात. आईच्या वयाची माणसं तर स्लॅबखाली पाठ टेकत नाहीत. माझ्या आधीचा एक मुलगा होता आईला. भूकंपात जुन्या गावातल्या दगडमातीच्या माळवदाखाली तो गेला. आई बाहेर फेकली गेली, तो आत राहिला. तेव्हापासून डोक्यावर जड काही असलं की तिला झोप येत नाही. मीसुद्धा त्या पत्र्यातच लहानाचा मोठा झालो. तरी चाचांनी विचारल्यावर माझ्या तोंडून स्लॅबचंच घर निघालं. पत्र्याला घर म्हणायची आम्हाला सवयच नाही.

लाइन जोडली त्या दिवशी बहिणीचा फोन आला. आत नेट पळतं, म्हणाली, पण पत्र्यात आलं की चाक नुसतं गरगरतं. मधे सिमेंटची भिंत, त्यावर पत्रा. लाइनवाला हसत तिला म्हणाला होता, "ताई, पोत्यांना वायफाय दिलंय तुमी, माणसांना न्हाय." ती मला हसत हसतच सांगत होती. मला हसू आलं नाही.

ती पोत्यांमधे जागा करून आत बसायला लागली. दार उघडं ठेवायची. कानात हेडफोन, समोर लॅपटॉपवर साहेब. बाहेर पत्र्यात आई बाजेवर. एका दुपारी आईला तहान लागली, तिनं हाका मारल्या, त्या हेडफोनमधून पोचल्या नाहीत. मग आई स्वतःच तांब्याकडं सरकली आणि बाजेवरून खाली पडली. फार लागलं नाही, कोपर सोलवटलं. पण बहीण त्या दिवशी फोनवर अशी रडली की तिला बोलताच येईना. शेवटी म्हणाली, मी काम सोडते.

ते आईनं ऐकलं. शेजारच्या दोघांना हाक मारून म्हणाली, माझी बाज उचला आन् आत न्या. बहीण नको नको म्हणत होती. आईनं तिचं ऐकलं नाही. इतक्या वर्षांत जी बाई पोतं आणायलासुद्धा त्या खोलीत घाईघाईनं शिरायची आणि तशीच बाहेर यायची, ती बाजेसकट आत गेली.

मला हे कळलं तसा मी पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी सगळं खरं सांगितलं, पत्र्याचं, आईचं, भूकंपाचंसुद्धा. चाचांनी उठून केबलचं भेंडोळं काढलं. मग त्यांनी लांब केबल मापून दिली, दुसरा एक लहान डबा दिला. आतल्या राउटरपासून भिंतीतून वायर बाहेर काढ, म्हणाले, पत्र्यात हा लाव, अम्मी को बाहर ले लो. गोडाऊनच्या शेठनंही कुरकुर न करता सुट्टी दिली. माझ्या नशिबाला माणसं चांगली भेटली, हे कुठंही सांगेन.

गावी आल्या आल्या मिस्त्रीकडून मशीन आणून भिंतीला भोक पाडलं. फोटो बघत बघत वायर लावली. डब्यावरचा दिवा लागला. बहिणीनं लॅपटॉप पत्र्यात नेला, सगळं सुरळीत चाललं. मी आत जाऊन आईला म्हणालो, चल आता, बाज बाहेर घेतो.

"नगं," ती म्हणाली. "म्या हितंच बरी हाय."

मला वाटलं, डब्यावर तिचा विश्वास बसला नसेल. मी समजावायला लागलो. तिनं मला मधेच थांबवलं.

"तसं न्हाय रं. म्या भायेर आले तर ही बी भायेर पत्र्यात बसंल. पाऊस आला, वारं सुटलं की पत्रा वाजतोय. ही माझ्यासाठी दार उघडं ठिवायची तवा साहेब हिला इचारत हुता, कसला आवाज म्हून. हिला लई लाजल्यागत झालं. हितं स्लॅबखाली काय वाजत न्हाय."

पत्र्याचा आवाज बंद करणारा डबा कुठल्या दुकानात मिळत नाही.

बहीण म्हणाली, पाऊस काय रोज असतो का? आईनं मान फिरवली. तिनं ठरवलं होतं. बहिणीनं लॅपटॉप पुन्हा आत आणला. पुढं ऑफिसनं बहिणीला कायम केलं, क्लासही चालू आहेत. आईची बाज अजून आतच आहे, उशी दाराकडं करून.

त्या सुट्टीत परत निघायच्या दिवशी दुपारी मी आईजवळ बसलो होतो. ती सरळ वर स्लॅबकडं बघत होती. बहीण म्हणते, ती रात्रभर अशीच पडून असते, डोळा लागतो तो दिवसा, बहिणीचं कामाचं बोलणं कानावर असलं की.

मी हळूच विचारलं, "आय, भ्या वाटतं का गं?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "पन आता पळायला पाय कुठं हायेत."

मी काहीतरी बोलणार होतो. पोत्यांच्या पलीकडून बहिणीनं हात वर करून खुणावलं, तिची मीटिंग सुरू झाली होती. आईनं माझा हात धरला आणि मग आम्ही दोघं गप्प बसलो.