गुरुजींचा डावा हात

भोरच्या नेमणुकीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे विसरलो. तंबूचोरीची एक फालतू वाटणारी केस मात्र डोक्यातून जाता जात नाही. तंबू स्काऊटच्या पोरांचे होते.

हे स्काऊटचं मंडळ चालतं कसं, ते आधी सांगतो. तपासाला लागेपर्यंत मलाही ते नीट माहीत नव्हतं. शाळेत एक पथक असतं, त्यावर एक शिक्षक. अशी पथकं मिळून स्थानिक मंडळ होतं. तिथे भोर आणि वेल्ह्याचं मिळून एकच होतं. अध्यक्ष म्हणून गावातला वजनदार माणूस घेतात. त्याने कार्यक्रमाला यायचं, हार घालून घ्यायचा. राबतो तो चिटणीस. पोरांची वर्गणी, व्यापाऱ्यांच्या देणग्या, आणि वरून अनुदान आलं तर आलं, असा कारभार. पण मानाचा पैसा 'खरी कमाई'चा. वर्षातून एकदा पोरं गणवेश घालून दारोदार जातात आणि काम मागतात. कुणाची गाडी धुतात, कुणाचं दुकान झाडतात, वेल्ह्यातल्या पासलीकडची पोरं भाताची बेणणी, म्हणजे चिखलात वाकून तण काढायचं काम, करतात. लोक खुशीने देतील ते मंडळात जमा होतं. अशा कमाईतून एकेक करत जाड खाकी कापडाचे तंबू घेतलेले होते. ते एका शाळेच्या खोलीत कुलपात असायचे.

चिटणीस म्हणजे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. उभी नोकरी पासलीत काढलेली. त्यांची माझी पहिली भेट मजेशीर झाली. मंडळाच्या मेळाव्याला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. मी उजवा हात पुढे केला, गुरुजींनी डावा. माझ्या हवालदाराचं डोकंच फिरलं. "साहेबांना डावा हात देतोय म्हातारा! आमच्यात तर प्रसाद बी कोन डाव्या हातानं घेत न्हाई."

गुरुजी हसले. "हवालदारसाहेब, स्काऊट स्काऊटला डावाच हात देतो. काळजाच्या बाजूचा असतो ना तो."

"मंग आमी उजवा काय काळीज न्हाई म्हनून देतो व्हय?" हवालदार पुटपुटला. मेळावा संपेपर्यंत तो धुसफुसत होता.

पुढे पावसाळा सरला. तंबूंना ऊन द्यावं म्हणून गुरुजींनी खोली उघडली, तर आत नुसत्या खुंट्या पडलेल्या. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक गुरुजींकडे, दुसरी अध्यक्षांकडे. अध्यक्ष बाजारपेठेतले मोठे व्यापारी, पुढेमागे निवडणुकीला उभं राहण्याचा विचार असलेले. मंडळाने ठराव केला आणि फिर्याद द्यायला तेच ठाण्यात आले.

"मी कुणाचं नाव घेत नाही, साहेब," ते म्हणाले, "पण गुरुजींचं वय झालंय. पेन्शन पुरत नसेल. माणूस आहे शेवटी."

नाव घेत नाही म्हणणारा माणूस नेमकं एकच नाव घेऊन जातो, हे मी प्रत्येक ठाण्यात पाहिलंय. तरी फिर्याद ती फिर्याद. गुन्हा नोंदवला, खोलीचा पंचनामा केला आणि गुरुजींना जबाबासाठी बोलावलं. गणवेशात आले, गळ्यात स्कार्फ.

"तुमच्यावर संशय आहे, कल्पना आहे ना?" मी विचारलं.

"आहे. सकाळी चहाच्या टपरीवर दोन जण मला पाहून उठून गेले. त्यातला एक माझा विद्यार्थी." आवाज शांत होता. "साहेब, पुढच्या सभेत मला काढणार आहेत. काढू देत. पण पोरांना नियम शिकवतो आम्ही, स्काऊट विश्वासपात्र असतो म्हणून. उद्या तोच नियम मी कुठल्या तोंडाने म्हणवून घेऊ? सभेच्या आत काय ते शोधा."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून तपास होत नाही. जबाब घेतला आणि त्यांना घरी पाठवलं.

सभा जवळ आली तशी हवालदाराच्या मेव्हण्याकडून खबर आली. तो भाटघरच्या पाण्याकाठी एका ठिकाणी दूध घालायचा. पुण्याची मंडळी सुट्टीला येऊन तंबूत राहतात, शेकोटी करतात, असलं ते ठिकाण. "हिरवे मिलिटरीचे तंबू आलेत तितं," असं त्याचं म्हणणं.

दुपारी साध्या वेशात गेलो. ओळख पटवायला गुरुजींना गाडीत घेतलं होतं. दारातच फलक, 'आर्मी टेंटमध्ये मुक्काम, गरमागरम पिठलं-भाकरी'. मालक तिशीतला, हातात मोबाईल, बोलायला चलाख.

"तंबू कुठून आणले?"

"पुन्याच्या जुन्या बाजारातनं, साहेब. पावती मागाल, तर तितं कोन पावती देतं?"

"स्काऊट मंडळाचे तंबू गेलेत, ऐकलं असेल."

"स्काऊट-बिऊट आपल्याला काय ठाव न्हाई. आमी शाळंत नुसती हजेरी लावली."

आता आली का पंचाईत! जाड कापडाचे तंबू सगळीकडे सारखेच दिसतात, त्यात यांना हिरवा रंग मारलेला. नुसत्या संशयावर जप्ती केली तर कोर्टात वकील मला सोलून काढणार. मी गुरुजींना उतरायला सांगितलं.

"यांना ओळखता?" मी मालकाला विचारलं.

त्याने मान खाली घातली. "न्हाई. कोन हायत?"

गुरुजी त्याच्यासमोर जाऊन ताठ उभे राहिले. नुसता डावा हात पुढे केला. आणि त्या गड्याने डाव्या हातातला मोबाईल उजव्यात घेतला, डावा हात पुढे आला आणि गुरुजींच्या हातात गेला. आपण काय केलं ते त्याला नंतर कळलं. हात काढायला बघत होता, गुरुजी सोडेनात.

"ठिगळ कुठल्या तंबूला आहे रे?" गुरुजींनी विचारलं.

"त्यो कडंचा," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. "म्याच लावलं होतं, विंझरच्या शिबिरात. तुमी सुई वढायला शिकवली होती."

"बरं आठवलं!" हवालदार म्हणाला. "मगाशी तर नुसती हजेरी लावली म्हनत होतास."

ठाण्यात सगळं बाहेर आलं. तंबू अध्यक्षांनी दिले होते, भाड्याने. शिबिराच्या आधी गुपचूप परत करायचे, असं ठरलेलं. पण गुरुजींनी खोली आधीच उघडली, मग ओळख पटू नये म्हणून हिरवा रंग मारला.

"तंबू बघितल्या बघितल्या वळखले म्या," तो म्हणाला. "बेणणी करून घेतलेले आमी. पन अध्यक्ष म्हनले, मंडळाचीच परवानगी हाय."

"आणि गुरुजींवर आळ आला तेव्हा?"

"कळलं होतं, साहेब."

"मग?"

"सीझन होता," एवढंच तो बोलला.

अध्यक्षांना बोलावलं. आधी दोन वजनदार फोन आले, मग ते. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची मला सवय होती, पण हे जरा वेगळं प्रकरण निघालं.

"साहेब, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही," ते म्हणाले. "तंबू पडून होते. भाडं मी मंडळालाच देणार होतो."

"कुणाच्या नावाने?"

उत्तर आम्हाला झडतीत मिळालं. वार्षिक मेळाव्यासाठी फलक छापून तयार होता, तो आम्ही त्यांच्या गोदामातून जप्त केला. 'अध्यक्षांकडून मंडळास भरघोस देणगी', सोबत त्यांचा हसरा फोटो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय! पोरांनी चिखलात वाकून मिळवलेल्या तंबूंवर हा दानशूर होणार होता. माझं टाळकं सटकलं. मी सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला.

फौजदारी विश्वासघाताचं कलम लावून दोषारोपपत्र पाठवलं. सभा झाली, पण त्यात अध्यक्ष बदलले आणि गुरुजी राहिले. टपरीवरून उठून गेलेला तो विद्यार्थी घरी येऊन पाया पडून गेला, असं नंतर कळलं. कोर्टाच्या हुकमाने तंबू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करू अशा हमीवर, मंडळाला मिळाले. तंबूवाला साक्षीदार झाला.

शिबिर विंझरलाच भरलं. तंबू त्याने स्वतःच्या टेम्पोतून आणले, एकट्याने उभे केले, दोर ताणले. मी गाडीला टेकून बघत होतो. काम झाल्यावर तो गुरुजींसमोर गेला आणि डावा हात पुढे केला.

गुरुजींनी उजवा हात दिला. हसून, अगदी आपुलकीने. बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं. पण त्या गड्याचा चेहरा असा उतरला, की बेड्या घातल्यावरही मी कुणाचा तसा उतरलेला पाहिला नाही.

"गुरुजी, अन् डावा?"

"त्याला खरी कमाई लागते, बाळा," गुरुजी म्हणाले आणि शिट्टी वाजवून पोरांकडे वळले.

माझ्या सबंध नोकरीत मी माणसांना कलमांनी शिक्षा होताना पाहिलं. जामीन मिळतो, दंड भरला जातो, माणूस मोकळा होतो. ज्याने घडवलं त्याचा विश्वास गेला, तर त्याला जामीन नसतो, हे मी त्या मैदानावर शिकलो.

मध्यंतरी सहज गुरुजींना फोन केला. मनात होतं ते विचारलंच, "त्याला मिळाला का हो डावा?"

"अजून उजवाच, साहेब," ते म्हणाले. "पण दर शिबिराला येतो. यंदा सगळ्यांच्या आधी आला होता."