झोपाळू डोळ्यांचा पुतळा

जिवंतपणी स्वतःच्याच पुतळ्याला हार घालावा लागलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. पुढारी मंडळीही असे करतात, पण ती हौसेने आणि बँड लावून. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमच्या या मामाजींनी तो हार घातला तेव्हा ऐन ऑगस्टात त्यांच्या कानांभोवती मफलर होता, डोळ्यांवर उसना काळा चष्मा होता, आणि हात असे कापत होते की हार गळ्यात पडण्याआधी पुतळ्याच्या कानालाच अडकला. त्या दिवशी त्या चौकात सगळ्यांत घाबरलेला माणूस तोच होता आणि चबुतऱ्यावरचा शूर चेहराही त्याचाच होता.

मी कॉलेजसाठी गावाहून नागपूरला आलो आणि लकडगंजात आत्याकडे राहिलो. देव मी मानत नाही. पण चेहरे वाटताना कोणीतरी घोळ केला आहे, असे मामाजींकडे पाहून मला रोज वाटायचे. रुंद कपाळ, धारदार नाक, दगडातून काढल्यासारखी हनुवटी. चेहरा सेनापतीचा आणि काळीज सशाचे. लाकडाच्या एका वखारीत ते कारकून होते. तिथे दोन हमालांचे भांडण जुंपले की मालक मामाजींना नुसते मधे जाऊन उभे राहायला सांगायचा. ते उभे राहिले की भांडण थांबायचे, आणि मग मामाजी आत येऊन लोटाभर पाणी पिऊन बराच वेळ बाकावर पडून राहायचे. मौद्याकडची माणसे कोर्टाच्या कामासाठी शहरात आली की रस्त्यात त्यांनाच हात जोडून 'साहेब' म्हणायची. घरात मात्र पाल दिसली तर हे साहेब अंथरूण घेऊन ओसरीवर झोपायला जात. आत्या म्हणायची, "माह्या बापानं चेहरा पाहून दिलं मले. आत डोकावून कोणी पाह्यलंच नाही."

पालीचा अपवाद सोडला तर झोप त्यांना कुठेही यायची. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत, रेशनच्या रांगेत उभ्या उभ्यासुद्धा. पूर्ण मिटायचे नाहीत डोळे; वरची पापणी अर्ध्यावर येऊन थांबायची आणि चेहऱ्यावर एक अथांग शांतता पसरायची. परके लोक समजत, हा माणूस काही गहन विचारात आहे. आम्हाला ठाऊक असे की दुपारी वांग्याचे भरीत झाले आहे.

आणि ते खोटे बोलत नसत. भित्रा माणूस सहसा आपल्या भित्रेपणावर पांघरूण घालतो. मामाजी ते पांघरूण स्वतःच ओढून काढायचे. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांचे गाव पोलीस चौकीवर मोर्चा घेऊन गेले तेव्हा ते ऐन विशीत होते, आणि तो सगळा दिवस त्यांनी ज्वारीच्या कणगीत बसून काढला होता. ही गोष्ट आत्या पाहुण्यांना सांगायची तेव्हा नवऱ्याची लाज राखण्यासाठी म्हणायची, "सासूबाईंनीच कोंबलं त्याइले." त्यावर मामाजी आतल्या खोलीतून दुरुस्ती करायचे. "मायनं नाही कोंबलं. मीच शिरलो."

माझे म्हणाल तर मी वेगळ्या मातीचा. वडील गावोगाव पत्रके वाटत हिंडायचे. मी अक्षरे ओळखायला शिकलो ती त्याच पत्रकांवर, त्यामुळे माझ्या बाराखडीला पहिल्यापासूनच घोषणेचा सूर आहे. लकडगंजच्या पलीकडच्या चौकात एका हुतात्म्याचा अर्धपुतळा बसणार असे कळले तेव्हा मी पेटलो. सावनेरजवळच्या एका खेड्यातला तो शेतकरी पोरगा बेचाळीसच्या मोर्चात गोळी लागून मेला होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच होता. राग होता तो पुतळा समितीवर. चौकामागच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याचा एक नळ नव्हता. बायका कुठून कुठून हंडे वाहत होत्या, आणि समिती चबुतऱ्याला कोणता दगड शोभेल यावर बैठका घेत होती. आम्ही मित्रांनी पत्रक काढायचे ठरवले. मथळा मीच दिला: 'आधी नळ, मग पुतळा'. पत्रकाला मसाला हवा म्हणून मी पुतळा घडत होता त्या शेडमध्ये गेलो.

तोवर नागपुरातले पुष्कळ पुतळे मी पाहिले होते. पाहिले म्हणजे त्यांच्याजवळ सायकल वळवली होती. हातात पुस्तक असलेला आला की डावीकडे, घोड्यावरचा आला की सरळ. कलेशी माझा संबंध एवढाच. त्या शेडमध्ये मात्र ओल्या मातीचा वास भरून राहिला होता आणि मधोमध तिवईवर ओले फडके गुंडाळलेले एक डोके होते. म्हातारा शिल्पकार कमी बोलणारा होता. त्याने काही न विचारता फडके काढले, आणि मी ज्याच्याशेजारी रोज जेवायला बसत होतो तो माणूस माझ्यासमोर होता. वय तीस वर्षांनी कमी, गाल ताणलेले, पण तोच.

"हे कोण?" मी विचारले.

"हुतात्मा."

"हे माझे मामाजी आहेत."

"असतील," तो म्हणाला. "कान बघा. कान फार चांगला जमलाय."

मी कान पाहिला. खरेच, पाळीजवळ त्यांच्या एक बारीक घडी होती. इतके दिवस एका घरात राहून ती मी कधी पाहिली नव्हती. रागावून आलेला मी ती घडी बघत किती तरी वेळ उभा राहिलो. एखाद्या माणसाकडे इतका वेळ, इतक्या निगुतीने कोणी पाहू शकते, ही गोष्ट कुठल्याच पत्रकात मी वाचली नव्हती.

मग शिल्पकाराने सांगितले. हुतात्म्याचा फोटो नव्हताच. खेड्यातल्या पोराचा फोटो कोण काढणार? समितीने फक्त 'चेहरा तेजस्वी हवा' एवढे कळवले होते. शिल्पकार वखारीत लाकूड घ्यायला गेला, तिथे मामाजी दिसले. "हालू नका," तो ओरडला. खांद्यावर पाल पडली असावी असे वाटून मामाजी तसेही हालणार नव्हतेच. कोणाच्या पुतळ्यासाठी बसायचे ते त्याने सांगितले नाही, यांनी विचारले नाही. गादीची खुर्ची होती, चहा मिळत होता, आणि नुसते बसून राहायचे होते. त्या कामासाठी मामाजींइतका लायक माणूस जुन्या मध्य प्रांतातही झाला नसेल. अडचण एकच आली. चेहऱ्यावर राग येईना. शिल्पकार म्हणाला, "समोर इंग्रज उभा आहे असं समजा." मामाजी म्हणाले, "मंग मी इथं कायले थांबू?" शेवटी शिल्पकाराने राग सोडून दिला आणि समोर होते ते डोळे घडवले. ते दुपारच्या जेवणानंतरचे होते.

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. मामाजींनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"त्याइनं छातीवर गोळी घेतली अन् मी कणगीत होतो," ते म्हणाले. "त्याइच्या नावावर माहं तोंड लावलं का गा बाबू?"

"अहो, कोणाले समजते?" आत्या म्हणाली.

"त्याइची बहीण हाये. समारंभाले बोलावून राहिले तिले. तिले नाही समजणार?"

पुढचे काही दिवस मामाजी या एका प्रश्नावर जगले. त्यांनी शेडकडे धाव घेतली, पण डोके ओतकामाला रवाना झाले होते. त्यांनी दाढी ठेवायला घेतली. आत्याने जेवण वाढायचे नाकारले आणि दाढी गेली. अखेर त्यांची सगळी आशा माझ्या पत्रकावर बसली. पत्रक वाचून ते म्हणाले, "बराबर लिहिलं गा तू. नळच पाहिजे. पुतळा काहून पाहिजे?" आणि गठ्ठाच काखोटीला मारून निघाले. आमच्या चळवळीत असा कार्यकर्ता पुन्हा झाला नाही. पालीला भिणाऱ्या या माणसाने वखारीत, न्हाव्याकडे, पानठेल्यावर, एवढेच नव्हे तर समितीच्या अध्यक्षाच्या दारात पत्रके टाकली. पुतळ्याविरुद्धची सगळ्यांत जास्त पत्रके खुद्द पुतळ्याने वाटली.

त्याचा परिणाम झालाही, पण मामाजींना हवा तो नाही. समारंभाच्या आधी चौकात खड्डा खणला गेला आणि पुतळ्याच्या पाठीशीच एक नळ उभा राहिला. हा आमच्या पत्रकाचा विजय आहे असे मी आजही मानतो. मामाजींच्या मते पाहुण्यांना हात धुवायची सोय केली होती. ते काही असो, समितीने 'नळ झाला, आता पुतळा' म्हटले आणि आमच्या मथळ्यानेच आमचे तोंड बंद झाले.

समारंभाच्या दिवशी वखारीच्या मालकाला अचानक परगावी जावे लागले आणि व्यापाऱ्यांच्या वतीने हार घालायचे काम मामाजींवर आले. म्हणून तो मफलर आणि तो चष्मा. हुतात्म्याची बहीण पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसली होती. रापलेली, सडपातळ, हिरव्या नऊवारीतली बाई, डोक्यावरून पदर. तिच्या भावाचा चेहरा कसा होता हे तिला एका शब्दाने कोणी विचारले नव्हते. बसायला खुर्ची तेवढी दिली होती. पडदा सरला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात पुतळ्याच्या डोळ्यांवर बरेच शब्द खर्च केले. मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवणारी ही नजर पाहा, ते म्हणाले. माझ्या शेजारी आत्या भरीत आठवून ओठ चावत होती. मग हार झाले, कानाचा घोटाळा झाला, आणि लोक चहाकडे वळले.

बाई मात्र उठून पुतळ्यासमोर उभी राहिली. समितीचे एक गृहस्थ बशीत बिस्किटे घेऊन आले आणि कौतुकाने म्हणाले, "कसा वाटला, बाई?"

"माणूस चांगला दिसते," ती म्हणाली. "कोण होय?"

गृहस्थांना कोणीतरी हाक मारल्याचा भास झाला आणि ते बशीसकट निघून गेले. मामाजी मंडपाच्या खांबाआड उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले. आता हे घराकडे पळणार असे मला वाटले. त्यांनी चष्मा काढला, मफलर सोडून हातात गुंडाळला आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मी होय बाई तो," ते म्हणाले.

तिने एकदा वर पाहिले, एकदा यांच्याकडे.

"फोटो नव्हता ना, म्हणून मले बसवलं. मले सांगतलं नव्हतं. अन् अजून एक हाये. त्या दिवशी आमच्या गावचा मोर्चा निघाला तवा मी कणगीत लपून बसलो होतो. ज्वारीच्या."

मी आयुष्यात पुष्कळ धाडसी भाषणे ऐकली आहेत, काही केलीही आहेत. एवढे धाडसी वाक्य ऐकले नाही.

बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुमची माय होती का घरी?"

"होती."

"मंग बरं केलं. मी बी म्हटलं होतं त्याले, जाऊ नोको गा, कोठ्यात लपून बस. हासला अन् गेला." ती मामाजींच्या पोटाकडे पाहत होती. "लपला असता तर आज तुमच्याच वयाचा असता. अशीच ढेरी सुटली असती त्याले."

मामाजींनी नकळत पोट आत ओढले.

"नाक आमच्या घरचं नाही," ती पुन्हा पुतळ्याकडे वळून म्हणाली. "हनुवटी त नाहीच नाही. पण डोळे त्याचे हायेत."

"माहे हायेत ते, बाई," मामाजी प्रामाणिकपणे म्हणाले. "मी झोपलो होतो."

"तेच सांगून राहिली मी. तो बी असाच झोपे. बैलगाडीवर बसला का झोपला. बैलच त्याले घरी घेऊन येत."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामाजी सावनेरच्या बसमध्ये बसले. पुढे दरवर्षी बसत राहिले, बहुतेक वेळा झोपेत स्टॉप चुकून पुढच्या गावाहून चालत मागे येत. तिथे त्यांना चौरंगावर बसवून ओवाळले जाई, आणि परत येताना पिशवीत हरभरा नाही तर तुरीच्या शेंगा असत. आत्या म्हणायची, "पुतळा झाला अन् नणंद आली घरात." चौकातून जाताना ते आता तोंड लपवत नसत. उलट पुतळ्याकडे पाहून हलकेच मान हलवायचे, एकाच गावच्या दोन माणसांनी बाजारात हलवावी तशी.

मामाजींना जाऊन आता काही वर्षे झाली. जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. झोप आणि मरण यांतली सीमा त्यांनी कधी ओलांडली ते आत्यालाही कळले नाही. पुतळ्यांबद्दलची माझी मते अजून तीच आहेत. आधी नळ, मग पुतळा. आणि पुतळा करायचाच तर आधी बहिणीला विचारा. तरीही त्या बाजूला गेलो की मी चौकात सायकल उभी करतो. नळावर बायकांची भांडणे चालू असतात, चबुतऱ्याच्या सावलीत एखादा रिक्षावाला पेंगत असतो, आणि वर ते अर्धे मिटलेले डोळे.

गेल्या ऑगस्टात बाई तिथे भेटली. फार वाकली आहे आता. तिने नळावर पदराचे टोक भिजवले, कोणीतरी दिलेल्या स्टुलावर एका हाताने मला धरून चढली आणि पुतळ्याचा चेहरा पुसू लागली. कपाळ, नाक, कानाच्या पाळीजवळची ती घडी. मी विचारले, "बाई, कोणाचा चेहरा पुसता? भावाचा की मामाजींचा?"

तिने पापण्यांवरून ओला पदर फिरवला.

"दोघं बी झोपून राहिले," ती म्हणाली. "तू हळू बोल गा."