जांभळ्या पट्टीचं पाणी

चहा पयले संपवा, मंग सांगतो. मधीच ठसका लागला आन कपडे खराब झाले तर मला नावं ठेवू नका.

अशी फजिती माझ्या दुश्मनाचीपण होऊ नये. आन दुश्मन मला कमी नाहीत, कारण माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. आमच्या गावात, फोपनारात, कोणालापण विचारा. केळीचं एक पान वाकडं कापलेलं दिसलं तरी माझा आवाज तापीच्या काठापर्यंत जातो, असं लोक म्हणतात. खोटं आहे. अर्ध्या वाटेपर्यंत जातो.

तर झालं असं. माझी पोरगी नंदा. कॉलेज शिकली, चित्रं भारी काढते. तिला स्थळ आलं. पोराचं नाव प्रशांत, नोकरी इंदूरला, विमानतळावर. मी काय केलं? पुरतं ऐकून न घेता गावभर सांगून आलो, जावई विमानाचा साहेब आहे. एकानं विचारलं, विमान चालवतो का? म्हणलं, चालवत असंल, आपल्याला काय!

मंग स्थळ आणणाऱ्या पाव्हण्यानं खुलासा केला. विमानतळावर रोज एवढी माणसं येतात, हात धुतात, संडासला जातात. ते सगळं पाणी एका जागी जमा होतं, मशिनीत साफ होतं आन तिथल्याच बगिच्याला जातं. नवीन पाणी उपसायचं नाही, पयलंच परत वापरायचं. ते काम आपला प्रशांत पाहतो.

"म्हणजे गटारीचं पाणी?" मी म्हणलं.

"साफ केलेलं," पाव्हणा म्हणला.

"गटार ती गटार. गटारवाल्याला मी पोरगी देत नाही."

हे मी जरा मोठ्यानं बोललो. जरा म्हणजे तेच, अर्ध्या वाटेपर्यंत.

नंदानं त्या दिवसापासून बोलणं सोडलं. जेवायला वाढायची बराबर, पण ताट असं आदळायची की भाजी माझ्या तोंडात आपोआप उडावी. तिला पोरगा आवडला होता, फोनवर दोघांचं बोलणंपण झालं होतं. बायको म्हणली, "शेणखताच्या ट्रॉलीवर बसून भाकर खाणारा माणूस तुम्ही, आन त्याच्या कामाला नाक मुरडता?"

म्हणलं, बरं, येऊ द्या.

पोराचे आईवडील पुण्याला मोठ्या पोराकडं राहतात. वडील पयले इकडंच कागदाच्या मिलमधी होते. ते दोघं विमानानं इंदूरला येणार, प्रशांत तिथं भेटणार, आन मी तिघांना गाडीत घालून फोपनारला आणणार, पोरगी दाखवायला. निघताना बायकोनं एकच सांगितलं, "तोंड बंद ठेवा. बाकी काही करू नका."

तोंड बंद ठेवलं असतं तर खरंच बरं झालं असतं. बोलण्याचं नाही म्हणत मी.

मे महिना. घाटात गाडी तापली, माझ्यासारखीच. संग पाच लिटरची कॅन होती, आमच्या विहिरीच्या पाण्याची. सगळी रेडिएटरला पाजली. विमानतळावर पोचलो तवा विमानाला अजून वेळ होता, आन घसा असा कोरडा की थुंकी गिळता येईना.

बाहेर एक दुकान होतं. म्हणलं, पाण्याची बाटली दे. दुकानवाला म्हणला, "चाचा, यहाँ प्लास्टिक बंद है. आपके पास कॅन है ना? उधर नल लगा है, भर लो."

चांगलंच सांगत होता बिचारा, आता कळतं. पण तवा मला वाटलं, गिऱ्हाइकाला नळावर हाकलतो? मला काय भिकारी समजला का? गमछा खांद्यावर टाकला, मिशीला पीळ दिला आन त्याला त्याच्या सात पिढ्या ऐकवल्या. तो नळ कुठं आहे ते विचारायचं मातर राहून गेलं. भांडल्यावर विचारणार कसं? माणसाला इज्जत असते.

तसाच तणतणत बगिच्याकडं गेलो. एका बाजूला आमच्या सोलर पंपाला असतात तशा काळ्या काचांच्या रांगा, पार लांबपर्यंत. बस अशी की आवाजच नाही. माझ्या मागून गेली तवा मी वळून पाह्यलं, म्हणलं मागून कोणी ढकलतं का काय. विजेवर चालते म्हणे. पण माझं ध्यान होतं खाली, झाडांच्या बुडाशी. तिथं ठिबक होतं.

आता तुम्ही केळीवाले नाहीत, म्हणून सांगतो. भर उन्हात आम्ही पाणी प्यायला घरी जात नाही. ठिबकच्या नळीच्या टोकाची टोपी काढायची, ओंजळ धरायची, पोटभर प्यायचं, टोपी परत लावायची. तेवढा वेळ ती हरवू नये म्हणून खिशात ठेवायची. वीस वर्षं झाली, हाताला वळणच पडलं आहे.

नळीवर जांभळी पट्टी होती. म्हणलं, शहराची फॅशन असंल. बाजूला एक पाटीपण होती. चश्मा गाडीत होता. आन वाचायची मला तशीपण आवड नाही.

टोपी काढली. पाणी आलं काचेसारखं. वाकून प्यालो, मंग परत प्यालो. तोंड धुतलं, गमछा भिजवून डोक्यावर ठेवला. चव? गोड. खोटं कशाला बोलू. आमच्या विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ सकाळी लावली तर सांजच्याला शिजते. हे एकदम हलकं. कॅनपण भरून घेतली. तेवढ्यात डोक्यावरून विमान घरघरत उतरलं आन मी पळालो.

पोराची आई कुसुमताई. बाई मोठ्या शिस्तीच्या. बाहेरचं पाणी पीत नाहीत, पेलापण सवताचा संग ठेवतात. घरून भरलेली बाटली पुण्यात रिक्षात राहिली, तवापासून पाण्याचा थेंब नाही. ओठ सुकलेले. वडील मला म्हणले, आम्ही सांगून थकलो, ती दुकानचं पाणी घेत नाही.

मला वाटलं, देवानंच पाठवलं. कॅन पुढं केली.

"ताई, बिनधास्त प्या. आमच्या विहिरीचं आहे. सकाळीच भरून आणलं."

खोटं का बोललो? आता पोरीचा बाप मी. बगिच्यातल्या नळीला तोंड लावून आलो, असं सांगू?

ताई एक पेला प्याल्या. डोळे मिटले. दुसरा प्याल्या. वडिलांनीपण एक घेतला. ताई म्हणल्या, "भाऊ, असं पाणी कित्येक वर्षांत प्याले नाही. ज्या घरचं पाणी असं, त्या घरची माणसं कशी असतील!"

मी तर असा फुगलो! म्हणलं, ह्याच पाण्यावर आमची केळी. ह्याच पाण्यावर आमची नंदा वाढली.

ते दोघं गाडीत बसले. मी मागं सामान लावत होतो, तवा प्रशांत आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली. पाया पडला आन म्हणला, "माफ करा मामा, उशीर झाला. कोणीतरी ठिबकची टोपी काढून नेली. वाफे सगळे तुंबले. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून आलो."

मला खरंच राग आला. ठिबकवाल्याला अशा गोष्टीचा राग येतोच. "असली असतात माणसं! दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा कशाला? सापडला तर त्याच नळीनं झाडाला बांधा त्याला." बोलता बोलता छातीवर हात मारला, तर खिशात काहीतरी टोचलं.

माझा हात तिथंच थांबला.

प्रशांत हळूच म्हणला, "पाण्याचं नुकसान होतंच मामा, पण मला भीती वेगळी. कोणी प्यायला तर? आईसमोर बोलत नाही, पण ते संडास-बाथरूमचं साफ केलेलं पाणी. झाडांना चांगलं, पिण्यासाठी नाही. म्हणून तर नळीवर जांभळी पट्टी असते."

काय सांगू तुम्हाला! पोटात जेवढं पाणी होतं तेवढं सगळं उभं राह्यलं.

आन पुढं पाहतो तर काय, ताई गाडीत तिसरा पेला भरत होत्या. धावत गेलो. म्हणलं, ताई, ते गरम झालं असंल, द्या इकडं. त्या म्हणल्या, नाही हो, गारच आहे. ओढाताणीत कॅन माझ्या हातून सुटली, म्हणजे मी सोडली, आन सगळं पाणी रस्त्यावर. ताई एवढ्या हळहळल्या जसं काही तूप सांडलं. "जाऊ द्या," म्हणल्या, "आता घरी जाऊन विहिरीचंच पिऊ."

पाच तास गाडी चालवली. पाच तास ताई पाण्याचं कौतुक करत होत्या. मी रस्ता पाहत होतो आन पोटाचा आवाज ऐकत होतो.

घरी पोचलो. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, विहिरीचं पाणी. ताईंनी पेल्यात घेतलं, एक घोट घेतला आन पेला खाली ठेवला.

"भाऊ, हे ते पाणी नाही."

मी म्हणलं, तेच आहे, प्रवासात चव बदलते.

"पाण्याची चव मला कळते," ताई म्हणल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "पाव्हण्यांना पाणी एक दाखवायचं आन घरात दुसरं निघायचं. मंग पोरीचंपण तसंच समजायचं का आम्ही?"

नंदा पोह्यांचं ताट घेऊन दारात उभी. तिनं माझ्याकडं पाह्यलं आन एवढंच म्हणली, "बाबा?"

कित्येक दिवसांतला तिचा पयला शब्द. दुसऱ्या कोणत्या वेळी मी आवाज चढवून घर डोक्यावर घेतलं असतं. पण चूक आपली असली की आवाज कुठून निघणार? म्हणलं, प्रशांत, चल, तुला विहीर दाखवतो.

विहिरीवर गेलो. खिशात हात घातला आन ती टोपी काढून त्याच्या हातावर ठेवली.

तो टोपी पाहत राह्यला. मंग मला.

"मामा. किती प्यालात?"

"पोटभर."

"आन आईनं?"

"दोन पेले. तुझ्या वडिलांनी एक. विहिरीचं तर घाटात गाडीलाच लागलं होतं."

तो मटकन काठावर बसला. मला वाटलं, हा आता उठून गाडीत बसणार आन माझी पोरगी गेली. म्हणलं, "माझं काय ते मला बोल, पोरीवर राग काढू नको. तुझ्या कामाला मी गटार म्हणलो होतो. चुकलो."

तो म्हणला, "मला माहीत आहे. नंदानं सांगितलं होतं." मंग विचारलं, "मामा, चव कशी होती?"

खरं सांगावं लागलं. "गोड."

पोरगा असा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणला, रोज तपासतो आम्ही ते पाणी, पण पिऊन पाहणारे तुम्ही पयलेच. बहुतेक काही होणार नाही, पोट दुखलं तर लगेच सांगा. आन आईला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. ती समजते मी पाणी साफ करतो. कुठून येतं ते मी कधी सांगितलं नाही. सांगितलं तर मला स्वयंपाकघरात येऊ देणार नाही.

आत आला आन म्हणला, "आई, मामा लाजले म्हणून बोलले नाहीत. त्यांच्या कॅनमधलं पाणी वाटेत गाडीला लागलं. तुला प्यायला दिलं ते माझ्या इथलं होतं. आमच्या मशिनीतलं."

ताईंचं तोंड एकदम उजळलं. "तुझ्या हातचं?" मंग माझ्याकडं वळल्या. "आन भाऊ, तुम्ही त्याच्या नोकरीला नावं ठेवत होता म्हणे? सांगा आता सगळ्यांसमोर, कसं आहे माझ्या लेकाचं काम?"

मी म्हणलं, "एक नंबर, ताई. मी पोटातून बोलतोय."

प्रशांत खोकायला लागला. नंदानं त्याला पाणी दिलं. विहिरीचं. तो ते खारं पाणी एका दमात प्याला आन म्हणला, गोड आहे. तवाच मला कळलं की जमलं.

पोटाला कोणाच्याच काही झालं नाही. पण मी दोन दिवस लोटा जवळ घेऊन बसलो होतो, ते सोडा.

पुढच्या महिन्यात साखरपुडा झाला. विहीणबाई आन व्याहीबुवांना परत विमानतळावर सोडायला मी गेलो, नंदापण संग होती. ते दोघं आत गेले. म्हणलं, आलोच आहे तर त्या दुकानवाल्याला राम राम करून येऊ. त्यानं ओळखलं. हसला. मी म्हणलं हसतो कशाला, तर त्यानं बगिच्याकडं बोट केलं.

बगिच्यात नवी पाटी. मोठी. चश्मा लागत नाही एवढी मोठी. प्रशांत तिथंच कामावर होता. म्हणला, लोक वाचत नाहीत मामा, म्हणून आता चित्र लावलं.

चित्रात एक माणूस वाकून नळीतून पाणी पितोय, आन त्याच्यावर लाल काट मारली आहे. माणसाच्या डोक्यावर ओला गमछा. खिशातून टोपी डोकावते. आन मिशी अशी, ह्या पिळाची.

मी नंदाकडं पाह्यलं. ती आभाळात विमान शोधत होती.

येणारा-जाणारा पयले पाटीकडं पाहत होता, मंग माझ्याकडं. मी तिला म्हणलं, "नंदे, ही मिशी मी आजच काढून टाकतो."

"नको बाबा," ती म्हणली, "पाटी बदलावी लागंल."